पुनवेच्या रात्रीची सुकती

वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायला बायका बसत, आणि त्यांच्यात मंजुळा नाखवा कोणती हे नवख्या माणसालाही विचारावं लागत नसे. जिचे हात मशीनवर आणि नजर छताला, ती मंजुळा. एका नव्या सुपरवायझरनं तिला हटकलं, "बाई, लक्ष कुठं आहे तुमचं?" ती म्हणाली, "आधी कॉइल बघा, मग लक्षाचं बोलू." त्यानं कॉइल उलटीपालटी करून बघितली, खोट काही सापडेना, तेव्हा तो निमूट पुढच्या टेबलाकडे गेला आणि पुन्हा कधी त्या वाटेला आला नाही. हाताला काम पाठ झालं की डोकं मोकळं राहतं, आणि मोकळ्या डोक्याचा पगार काही कंपनी देत नाही, तेव्हा ते आपल्या कामाला लावायला हरकत नाही, असा तिचा सरळ विचार होता.

त्या मोकळ्या डोक्यात एक चौदा वर्षांची पोर राहायची. तिचं नाव सगुणा.

मंजुळा ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील भिवाजी होते तोवर घरची होडी होती. ते गेले, होडी विकली, आणि आई आवडाबाई बाजारात मासळीची पाटी घेऊन बसू लागली. मंजुळा मॅट्रिक झाली ती या आईच्या हट्टापायी. लग्न तिनं केलं नाही, आणि का केलं नाही हे कुणाला दुसऱ्यांदा विचारायची सोय ठेवली नाही. नाद एकच, वाचनाचा. तोही कसला, तर किशोरांच्या कादंबऱ्यांचा. तिशीला आली तरी वाचनालयात गेली की पाय आपोआप मुलांच्या कपाटाकडे वळायचे. तिथं ती सगळी मुलं भेटायची. कुणाला भिंतीपलीकडचं दिसतंय, कुणाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतंय, कुणी डोळे मिटले की उद्याच्या दिवसात जातोय, आणि घरच्यांना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही.

ती पुस्तकं तिला जिवापाड आवडत आणि त्यांचा तिला भयंकर रागही येई. राग अशासाठी की शक्ती मिळायची ती नेहमी बंगल्यातल्या पोरांना. बाबा शास्त्रज्ञ, काका परदेशात, दारात कुत्रा, आणि सुट्टी लागली की मामाच्या मळ्यावर रहस्य हजर. कोळ्याचं पोर त्यात आलंच तर होडी वल्हवायला, आणि तेही एका पानापुरतं. "शक्तीला काय मासळीचा वास सोसत नाही काय हो?" असं तिनं एकदा वाचनालयातल्या बाईंना विचारलं. बाईंनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.

उत्तर मिळेना, तेव्हा मंजुळानं स्वतःच लिहायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर आणि कागद डब्याच्या झाकणावर. बाकीच्या बायका सिरियलच्या गप्पा मारत, हिची सगुणा चिखलातून चालत असे. सगुणाची शक्ती अशी की पायाचा अंगठा पाण्याला लावला की त्या पाण्यावर कोण काय बोललं ते तिला ऐकू यायचं. माणसं जमिनीवर तोंड सांभाळतात, पण होडीत बसली की मोकळी होतात, हे मंजुळानं लहानपणापासून पाहिलेलं होतं. खाडी सगळ्यांचं ऐकून घेते आणि कुणाला सांगत नाही, ती फक्त सगुणाला सांगते. कल्पना उत्तम होती. मंजुळालाही ती उत्तम वाटत होती आणि तिनं ते लपवलं नाही.

लिहून झालं तेव्हा ती डोंबिवलीला विश्राम तावडे यांच्या छापखान्यात गेली. तावडे मूळचे कणकवलीकडचे. लग्नपत्रिका आणि सत्यनारायणाची आमंत्रणं छापून घर चालवायचं, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची दोन-तीन पुस्तकं काढून हौस भागवायची, असा त्यांचा संसार. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन दिवसांत सगळं वाचलं आणि तिला बोलावून घेतलं.

"गोष्ट पकड घेते," ते म्हणाले. "पण ही शक्ती हिला येते कुठून? वीज पडते? मणी सापडतो? काहीतरी दाखवायला लागतं."

"अक्कलदाढ कुठून येते, तावडेसाहेब?"

"ती वय झालं की येते."

"मग? ही पण तशीच आली."

तावडे हसले. "एखादा साधू तरी घाला. मुलांना साधू आवडतो."

"आमच्या वाड्यात साधू आला तर बायका त्याला आधी जेवायला बसवतात, मग घरातली दुखणी सांगतात. शक्ती द्यायला त्याला सवड कुठून मिळणार?"

साधू आला नाही. पुस्तक मंजुळानं लिहिलं तसंच छापलं गेलं. तिच्याजवळ कुणाचं उसनं काही नव्हतं, आणि याचा तिला फार अभिमान होता. भाषा घरची, खाडी घरची, चिंबोरी पकडायची रीतसुद्धा घरची. एक गोष्ट सोडून. पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रसंग असा होता, की सगुणाचा भाऊ मधु खाडीच्या मधल्या बेटावर, तिवरांच्या झाडीत रुतलेल्या जुन्या गलबतात कोंडलेला असतो. होडी मिळत नाही. सगुणा काठावर उभी राहून रडत रडत पाण्यात पाय बुडवते, "मला वाट दे" म्हणते, आणि मग सुकती लागून उघड्या पडलेल्या चिखलातून एकटी चालत पलीकडे जाते. सुकती म्हणजे ओहोटी. हा प्रसंग घडतो पौर्णिमेच्या मध्यरात्री. आजवर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात शक्तीचा मोठा खेळ मध्यरात्रीच झालेला होता, तेव्हा मंजुळाच्या हातून मध्यरात्र आपोआप लिहिली गेली. ती उसनी आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात 'सगुणा आणि खाडीचे कान' बाजारात आलं. डोंबिवलीच्या पोरांनी ते उचललं, ठाण्याच्या पोरांनी उचललं, आणि जुलैत तावडे दुसऱ्या आवृत्तीची भाषा बोलू लागले. पण मंजुळाला खरा आनंद झाला तो कोळीवाड्यात. तिनं तिथं थोड्या प्रती वाटल्या होत्या, आणि त्या एका घरात टिकत नव्हत्या. जी पोर आईबरोबर कोलंबी सोलायला बसे तिच्या मांडीखाली पुस्तक सापडायचं. पानांना मासळीचा वास लागला होता. वाचनालयातल्या बाईंना नेऊन ते दाखवावं असं मंजुळाच्या फार मनात आलं, आणि एकदा तिनं दाखवलंही.

मग नारळी पौर्णिमा जवळ आली, आणि कोळीवाड्याच्या मंडळाचा काळुराम तिच्या घरी येऊन खुर्ची ओढून बसला. काळुराम तिच्याच वयाचा, शाळेत एका बाकावरचा, आणि तेव्हापासून तिची टर उडवणारा.

"औंदा बँजो लावतोच आपण," तो म्हणाला, "पण पोरी बोलतात मंजुळाताईचा पुस्तक वाचायला लाव. मी बोललो लाव. नारळ निघायच्या आधी देवळासमोर माईकवर वाच. तो खाडी ओलांडायचा भाग वाच, पोरी त्याचंच सांगत असतात. मी बोर्डावर रंगवून टाकलाय."

"बोर्डावर? मला विचारल्याशिवाय?"

"तू नाय बोलणार होतीस काय?"

नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तो दिवस तिनं मनात कितीदा रंगवला होता. सारा वाडा समोर, जुनेजाणते पुढच्या रांगेत, आणि तिच्या तोंडून त्यांचीच खाडी. काळुराम गेल्यावर ती आरशासमोर उभी राहून थोडी हसली, आणि त्यात वाईट काही नव्हतं.

पण कोळीवाड्याची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा वाडा माणसाला नाव ठेवतो आणि ते नाव पुसत नाही. धाकू नावाच्या तरुणानं एकदा दारूच्या भरात नांगर न उचलता तासभर होडी वल्हवली. त्याला वीस वर्षं झाली. धाकूनं दारू सोडली, बायकोला सोन्याची पाटली केली, देवळाला घंटा दिली, तरी तो 'नांगऱ्या धाकू'च राहिला, आणि त्याच्या मुलीला, शेवंतीला, शाळेतसुद्धा 'नांगऱ्याची' म्हणत. इथं एकदा हसू झालं की ते घराण्याला लागतं.

पौर्णिमेच्या चार दिवस आधीची गोष्ट. आवडाबाई ओट्यावर निवट्या, चिखलातली ती बारीक मासळी, साफ करत होती. मंजुळा म्हणाली, "आय, ऐक. मी वाचून बघते." आवडाबाईला अक्षर येत नव्हतं, पण लेकीचं पुस्तक तिनं तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं आणि हा भाग नेमका राहिला होता. मंजुळानं घसा साफ केला आणि मन लावून वाचलं. सगुणा रडली, पाय बुडवला, वाट मागितली, चिखलात उतरली. आवडाबाईचा हात मध्येच थांबला.

"थांब गो. त्या राती पुनव होती ना?"

"हो."

"आनि मध्यान रात?"

"हो, आय. चांदणं पडलंय, सगळं चमकतंय."

"चांदना पडू दे. पुनवेच्या मध्यान राती पानी आपल्या पायरीला लागतो. तुझी पोर चालली कशावर?"

मंजुळानं पुन्हा त्या पानाकडे बघितलं. पुनवेला आणि अवसेला दुपारी आणि मध्यरात्री पाणी भरतं, आणि सुकती लागते ती पहाटे आणि दिवेलागणीला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कारण ते शिकवायची वेळच वाड्यात कुणावर येत नाही. पाच वर्षांचं पोर खेळायला जाताना आईला विचारत नाही, तिथी बघून चिखलात उतरतं. आणि भिवाजी नाखवाच्या लेकीनं, पुस्तक लिहिणाऱ्या लेकीनं, भरल्या खाडीतून पोर चालत नेली होती. तिनं मध्यरात्र लिहिली तेव्हा ती खाडीकाठी नव्हतीच, वाचनालयातल्या कपाटासमोर उभी होती.

"डोंबिवलीच्या लोकांना नाय कळणार," आवडाबाई समजुतीनं म्हणाली.

"मला डोंबिवलीत वाचायचं नाही, आय."

आवडाबाईनं पुढची निवटी उचलली. "मंग दुसरा काय तरी वाच."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मंजुळा डोंबिवलीला गेली. तावड्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "नाखवाबाई, यात घाबरण्यासारखं काय आहे? दुसरी आवृत्ती अजून मशीनवर चढलेली नाही. मध्यरात्रीची दिवेलागण करू, चांदणं थोडं कमी करू, झालं. आणि पौर्णिमेला वाचताना तुम्ही तोंडानंच दिवेलागण म्हणा. कोण पुस्तक उघडून बसणार आहे?"

हे तिला पटलं. परतताना तिचं डोकं पुन्हा ताठ झालं. शब्दच तर बदलायचा होता. तरीही जीव शांत होईना, आणि याचं कारण तिला स्वतःशी कबूल करावं लागलं. तिला वाड्याची, म्हणजे काळुरामची आणि त्याच्या चेष्टेची, भीती वाटत नव्हती. मंजुळाला काय म्हणतील ते म्हणोत, तिला उत्तरं येत होती. भीती त्या पोरींसाठी होती. वाडा एकदा या पुस्तकाला हसला की ते पोरींच्या मांडीखालून निघून चुलीत जाणार. ज्या पुस्तकात पहिल्यांदाच शक्ती त्यांच्या घरी आली होती, ते पुस्तक त्यांच्या खाडीबद्दल खोटं बोललं, असं त्यांच्या आयांनी म्हटल्यावर पोरी तरी काय करणार? हा विचार तिला झोपू देईना.

नारळी पौर्णिमेला दुपारी देवळासमोर सगळा वाडा जमला. नारळ सोडायचा तो भरल्या पाण्यात, हा इथला नेम, त्यामुळे मिरवणूक भर दुपारी निघायची आणि तिच्या आधी हा कार्यक्रम होता. बायका हिरव्या-जांभळ्या लुगड्यांत, डोक्यात अबोली. देवळाच्या मागं खाडी काठोकाठ भरलेली, बंदराची शेवटची पायरी पाण्याखाली. जे दुपारी दिसत होतं तेच मध्यरात्री असणार, हे तिथल्या तान्ह्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. पुढच्या रांगेत दामाजी बसला होता, वाड्यातला सगळ्यात वयस्क नाखवा. त्याची नजर गेली होती, पण पाण्याच्या आवाजावरून तो अजून वेळ सांगायचा.

मंजुळा माईकसमोर उभी राहिली, पान उघडलं, आणि तिला समोर जमिनीवर बसलेली नांगऱ्या धाकूची शेवंती दिसली. सातवीतली, काटकुळी, रिबिनी सुटलेल्या. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि ती ओळीवर बोट ठेवून तयार बसली होती. तिच्या बाजूला आणखी दोघी त्याच पानात डोकं घालून.

कोण पुस्तक उघडून बसणार आहे, असं तावडे म्हणाले होते.

मंजुळानं वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला लागला होता. शेवंतीचं बोट तिच्याबरोबर सरकत होतं. मंजुळा ओळीमागून ओळ खाली येत गेली, आणि तो शब्द आला तेव्हा बोटही तिथंच आलं. दिवेलागण म्हणायला तिनं श्वास घेतला होता. पण त्या बोटासमोर तिला खोटं वाचता येईना. चूक लिहिली ती लिहिली, आता पोरीच्या डोळ्यांदेखत छापलेलं बदलून वाचायचं, हे तिच्या स्वभावातच नव्हतं. ती स्पष्ट म्हणाली, "पौर्णिमेची मध्यरात्र झाली होती." आणि पुढं वाचत राहिली. सगुणा चिखलात उतरली.

आधी मागून कुणीतरी खाकरलं. मग बायकांच्या रांगेतून कुजबुज आली. मग काळुरामनं, माईकपासून दोन पावलांवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मंजुळे, त्या राती पानी गावाला गेलेला काय?"

देवळासमोरचा सारा वाडा हसला. पुरुष मांड्यांवर थापा मारून हसले, बायका पदर तोंडाला लावून. "सुकतीवाली मंजुळा!" असं कुणीतरी ओरडलं, आणि नाव ठेवलं गेलं हे मंजुळाला तत्क्षणी कळलं. ती हलली नाही. पुस्तक मिटलंही नाही. आवडाबाई बायकांत मान खाली घालून बसली होती, तेवढं मात्र तिच्या काळजाला लागलं.

तेवढ्यात शेवंती उठून उभी राहिली. ती रागावली होती, आणि राग मंजुळावर नव्हता.

"काळूकाका, तुम्ही पुस्तक वाचलाय काय?"

"मना कशाला वाचायला पायजे? पुनवेचा पानी मना माहीत हाय."

"मना पण माहीत हाय. म्हणूनच बोलते. पुनवेच्या मध्यान राती सुकती नसते. मंग त्या राती ती चालली कशी?" ती क्षणभर थांबली, वर्गात बाई थांबतात तशी. "पानी तिनं हटवला. मागच्या पानावर बघा, ती पाण्यात पाय घालून वाट दे बोलते. वाट दिली पाण्यानं. तिला वाटते सुकती लागली. ती रडत होती, तिला येळेचा भान कुठं होता? तिला ठाऊकच नाय तिच्यात केवढी ताकद हाय ती. फकस्त ऐकायची नाय, पाण्याला सांगायची पण. ह्ये पुस्तकात लिहिलेला नाय. आपल्याला कळते. डोंबिवलीच्या पोरांना वाटणार खाली पानी नव्हता, चालली. त्यांना कंदीच कळणार नाय."

हसणं एकदम थांबलं नाही. पुढच्या रांगेपासून विरत विरत मागं गेलं. शेवंतीच्या बाजूच्या दोघी जोरजोरात माना हलवत होत्या, म्हणजे हे त्यांच्यात आधीच बोलून झालेलं होतं. मंजुळा ऐकत होती. तिनं मागचं पान उलटून बघितलं. वाट दे. तिनंच लिहिलं होतं, पोर रडतेय म्हणून लिहिलं होतं, त्यापलीकडे त्याला काही अर्थ आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

दामाजीनं काठी जमिनीवर टेकली. "ती कुणाची पोर?"

"नांगऱ्या धाकूची," कुणीतरी म्हणालं.

"धाकूची पोर बरोबर बोलते," दामाजी म्हणाला. "पुनवेचा भरलेला पानी हटवायला देवाची ताकद लागते. मी बोलत होतो मनात, भिवाजीची लेक असा कसा चुकेल."

आता सगळ्यांच्या नजरा मंजुळाकडे वळल्या. मान वर करून ती नुसती गालात हसली असती तरी भागलं असतं. वाडा तिला त्या दिवसापासून ज्ञानी म्हणायला तयार होता, काळुराम खाली बघत होता, आणि आवडाबाईची मान वर आली होती. मंजुळाला स्वतःबद्दल आदर होता, आणि फुकटचं श्रेय घेतलं तर तो राहणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दामाजीबाबा," ती माईकवर म्हणाली, "मी चुकले होते. मध्यरात्र मी दुसऱ्यांची पुस्तकं वाचून लिहिली. आयनं पकडली, चार दिवस मला झोप नाय. शेवंती बोलली ते मला आत्ता कळलं, तुमच्याबरोबरच. आणि तिचंच खरं आहे. सगुणानं पाणी हटवलं. लिहिणारीला ठाऊक नव्हतं, एवढंच."

मग आवडाबाईच मोठ्यानं म्हणाली, "चल, वाच पुढं. पोर चिखलात उभी हाय कंदीची." लोक पुन्हा हसले, पण हे हसू वेगळं होतं. मंजुळानं मधु गलबतातून सुटेपर्यंत सगळा प्रसंग वाचला. मग बँजो वाजला आणि भरल्या पाण्यात नारळ गेला.

पुढच्या आठवड्यात ती तावड्यांकडे गेली. त्यांनी दुरुस्तीचं पान जुळवून ठेवलं होतं.

"दिवेलागण केलीय बघा."

"काढा ती. मध्यरात्रच राहू दे."

"अहो, तुम्हीच तर म्हणालात की चूक आहे."

"होती. आता नाही."

तावड्यांनी कपाळाला हात लावला, पण मध्यरात्र राहिली. त्यांना कारण तिनं सांगितलं नाही. ते वाड्यातल्या पोरींचं होतं, आणि डोंबिवलीला सांगून टाकायचा हक्क तिला वाटला नाही.

त्यानंतर सगुणाची आणखी चार पुस्तकं आली. कॉइल गुंडाळणं चालूच होतं, सुपरवायझर बदलत होते आणि प्रत्येक जण एकदा तिला हटकून बघत होता. प्रत्येक पुस्तकात एखाद्या जागी खाडी तिथीला न शोभेल अशी वागायची, आणि सगुणाला त्याचा पत्ता नसायचा. बाकीच्या मुलांना त्यात काही दिसत नसे. कोळीवाड्यातल्या पोरी नवं पुस्तक आलं की आधी त्या जागा शोधायच्या आणि आपसांत डोळे मिचकावायच्या. नावाचं म्हणाल तर ते चिकटलं ते चिकटलंच. वाड्यात ती आजही सुकतीवाली मंजुळा. फक्त ते नाव आता आया आपल्या पोरींना सांगताना थोडं आवाज चढवून सांगतात.

शहाण्णव साली शेवटचं पुस्तक निघालं. त्यात सगुणा मोठी झालेली असते आणि तिला अखेर आपली खरी शक्ती कळते. कुणी साधू सांगत नाही. वाड्यातली एक लहान पोर सांगते, पायरीवर बसून, की त्या पुनवेला सुकती नव्हतीच, पाणी तू हटवलंस. छापायच्या आधी तावड्यांनी वाचलं आणि ते कोळीवाडा शोधत ठाण्याला आले. "पहिल्या पुस्तकात पेरून ठेवलंत? आणि इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलला नाहीत?" त्यांना राग आला होता की कौतुक वाटत होतं हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. मंजुळानं त्यांना कोलंबीचं कालवण वाढलं.

पुस्तक हाती आलं तेव्हा शेवंती कळव्याला नर्स होती. ड्युटीवरून सुटून ती तशीच पांढऱ्या साडीत आली, पुस्तक पर्समधून काढलं आणि ओट्यावर बसली. म्हाताऱ्या आवडाबाईनं तिच्यापुढं चहा ठेवला.

"ताई, एक विचारू?" शेवंती म्हणाली. "त्या दिवशी माईकवर तुम्ही बोललात की तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, माझा मान राहावा म्हणून तुम्ही तसं बोललात. अख्खा वाडा मला नांगऱ्याची बोलायचा, तो त्या दिवसापासून शेवंती बोलायला लागला ना, म्हणून."

"नाही गं. मला खरंच ठाऊक नव्हतं."

शेवंतीनं पुस्तक मिटलं.

"मग त्या रात्री पाणी हटवलं कुणी?"

"तू हटवलंस," मंजुळा म्हणाली. "मी नुसती मध्यरात्र लिहून बसले होते."

शेवंतीनं चहाचा कप उचलला, चपला काढून ओट्यावरून पाय खाली सोडले, आणि पायरीला लागलेल्या पाण्यात हळूच अंगठा बुडवला.